बाजाराच्या वाटेवरचे चित्रघर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"जपानात काय काय पाहिलेस ते सांग," अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली म्हणून मी आपणापुढे उभी आहे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले. भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला जशी बोलते तशीच बोलेन, ते गोड मानून घ्यावे.

जपानात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण फुजी पर्वत आणि वेगवान गाडी यांची छायाचित्रे आता आपल्या सगळ्यांच्याच मोबाइलवर येतात. म्हणून मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे दुकानाच्या पोटात असलेले चित्रांचे संग्रहालय. दुकानात चित्रे विकायला ठेवतात त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण ही चित्रे विकायला नव्हती. ती नुसती पाहायला होती, आणि ज्या मजल्यावर ती होती त्याच्या वरखाली सगळीकडे साड्यांच्या दुकानासारखी गर्दी होती.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने योकोहामा शहरात राहिले. बाळ सव्वा महिन्याचे झाले तेव्हा लेक म्हणाली, "आई, थंडी वाढते आहे, बाळाला जाड दुपटे घ्यायला बाजाराला जाऊ या." बाबागाडीत नातवाला घातले आणि आम्ही दोघी निघालो. योकोहामाच्या स्टेशनाला लागूनच सोगो नावाचे प्रचंड दुकान आहे. अशा दुकानाला तिकडे 'ह्याक्कातेन' म्हणतात, म्हणजे शंभर तऱ्हेच्या मालाचे दुकान. सुईदोऱ्यापासून सोन्याच्या दागिन्यापर्यंत सर्व एका छपराखाली. तळघरात खाण्याच्या पदार्थांचा बाजार, वर कपडे, त्यावर घरसामान, असे मजल्यावर मजले. हे दुकान १९८५ साली उघडले तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या दुकानांत त्याची गणना होत असे. पण त्याचे मूळ ऐकाल तर आपल्याला गंमत वाटेल. सोगो इहेई नावाच्या गृहस्थाने १८३० साली ओसाका शहरात जुन्या कपड्यांचे दुकान काढले, त्याचा हा वाढलेला वंश. म्हणजे आपल्या बोहारणीच्याच धंद्यातले घराणे म्हणायचे!

दुपटे घेऊन झाले. लेक म्हणाली, "सहाव्या मजल्यावर चित्रे आहेत, पाहायची का?" तिकीट हजार येनांच्या वर होते. आपल्याकडचे सहा-सातशे रुपये. मी मनातल्या मनात त्याचे तेल आणि तूरडाळ मोजून पाहिली. पण लेकीने तिकिटे काढली होती. आम्ही आत शिरलो. चार पावलांत दुकानाचा गोंगाट मागे राहिला. आत उजेड मंद, बोलणे हळू, भिंतीवर एका ओळीत चित्रे. दुकानाच्या आत असूनही कायद्याप्रमाणे रीतसर नोंदलेले असे हे जपानातले पहिले संग्रहालय, असे लेकीने सांगितले. म्हणजे भिंत मोकळी होती म्हणून चार तसबिरी टांगल्या असा प्रकार नव्हे. वस्तूंची निगा राखणारी शिकलेली माणसे तिथे नेमलेली असतात.

त्या वेळी लाकडी ठशांनी छापलेली जुनी चित्रे मांडली होती. हिरोशिगे हा त्यांचा चित्रकार. तो १७९७ साली जन्मला आणि १८५८ साली वारला. त्याच्या घराण्याकडे आग विझवणाऱ्या पथकाची चाकरी होती, आणि ती सांभाळून तो चित्रे काढू लागला. एदो, म्हणजे आजचे टोकियो, तिथून क्योटोपर्यंत समुद्राच्या कडेने एक मोठी वाट जात असे. तिच्यावर मुक्कामाची ५३ ठाणी होती. त्या ठाण्यांची आणि दोन टोकांची मिळून ५५ चित्रांची त्याची मालिका १८३३-३४ च्या सुमारास निघाली. कुठे पावसाची सर आली आहे आणि माणसे डोक्यावर गवती टोप्या घेऊन पळत आहेत, कुठे बर्फात वाट हरवली आहे, कुठे हमाल डोली खाली ठेवून घाम पुसतो आहे. राजेरजवाडे थोडे, चालणारी माणसेच फार. आपले वारकरी डोळ्यांपुढे आले.

त्यात एक चित्र कानागावा नावाच्या ठाण्याचे होते. टेकडीच्या चढावर चहाच्या दुकानांची ओळ आहे. खाली समुद्र, त्यात होड्या. आणि रस्त्यावर दुकानातल्या बायका वाटसरूंना धरून धरून आत ओढत आहेत. मला हसू आले. आपल्या रेल्वे स्टेशनाबाहेरचा फेरीवाला याहून निराळे काय करतो? लेक पाटी वाचून म्हणाली, "आई, हे ठाणे इथलेच. ती टेकडी स्टेशनाच्या पलीकडे आहे. आणि आपण आता उभ्या आहोत ती जागा या चित्रातल्या समुद्रात येते. पुढे भर घालून जमीन केली." मी चित्राकडे पाहिले, पायाखाली पाहिले, आणि अंगावर काटा आला. ज्या पाण्यात होड्या होत्या तिथे आता माझा नातू बाबागाडीत झोपला होता.

भगिनींनो, ही चित्रे कशी होतात तेही सांगते, कारण ते आपल्या हाताला कळण्यासारखे आहे. चित्रकार कागदावर रेघांनी चित्र काढतो. कोरणारा कारागीर तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून रेघा तेवढ्या शिल्लक ठेवतो. मग दर रंगाला वेगळी फळी. छापणारा कारागीर ओलसर कागद फळीवर ठेवतो आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासतो. एक रंग झाला की दुसरी फळी. कागद केसभर जरी सरकला तरी चित्र बिघडले. आकाशाचा निळा रंग वरून गडद आणि खाली फिका होत जातो, तो फळीवरचा रंग पुसत पुसत साधलेला असतो. ठिपक्यांच्या रांगोळीत रंग भरताना आपण बोटाने कडा विरवून टाकतो, तीच युक्ती. नाव चित्रकाराचे होते, पण त्यामागे कोरणारा, छापणारा आणि पैसा घालणारा प्रकाशक असे आणखी तिघे असत. उजेड मंद का, तेही तिथे समजले. जुन्या चित्रांचे रंग प्रकाशाने उडतात, म्हणून ती थोडेच दिवस बाहेर काढतात आणि पुन्हा अंधारात ठेवतात. कडक उन्हात चांगले लुगडे वाळत घालू नये, हे आपल्या आजीने शिकवलेले शास्त्र तिथेही चालते.

आणि ही चित्रे त्या काळी कोणाच्या राजवाड्यासाठी केलेली नव्हती. ती दुकानात विकली जात. वाडगाभर शेवयांच्या किमतीला एक चित्र मिळे असे सांगतात. गावी परतताना माणसे ती घरच्यांसाठी घेऊन जात, जशा आपण पंढरपुराहून तसबिरी आणतो. तेव्हा दुकान आणि चित्र यांचा सोयरसंबंध तिकडे फार जुना आहे.

याचा दुसरा पुरावा घ्या. १६७३ साली मित्सुई ताकातोशी नावाच्या व्यापाऱ्याने एदोमध्ये कापडाचे दुकान काढले. मात्सुसाका गावी त्याची आई शुहो घरचे दुकान चालवीत असे आणि व्यापाराची हुशारी त्या माउलीकडूनच पुढे आली असे मानतात. हे मी आपल्या मंडळात मुद्दाम सांगते! त्याने किमती ठरावीक ठेवल्या, व्यवहार रोखीचा केला, आणि गिऱ्हाइकाला हवे तेवढेच कापड फाडून देण्याची रीत पाडली. त्या दुकानाची चित्रे होकुसाई आणि हिरोशिगे या दोघांही मोठ्या चित्रकारांनी काढली आहेत. त्यांत दुकानाच्या मागे फुजी पर्वत दिसतो. तेच दुकान पुढे मित्सुकोशी म्हणून नावारूपाला आले, आणि त्याने १९०७ साली आपल्याकडे चित्रांसाठी वेगळे खाते उघडले. तिथे पूर्वी आत जाताना पादत्राणे दाराशी काढून ठेवावी लागत. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर दुकाने नव्याने बांधली गेली तेव्हा ती रीत मोडली. पायताण घालून आत जाता येऊ लागले आणि गर्दी वाढली, यात नवल नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे संग्रहालये थोडी होती आणि पाहण्याची भूक मोठी होती. वर्तमानपत्रांनी प्रदर्शन भरवायचे आणि मोठ्या दुकानांनी जागा द्यायची असा पायंडा पडला. दुकाने स्टेशनालगत असल्यामुळे जाणेयेणे सोपे. १९७५ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागातील सेइबू दुकानाने बाराव्या मजल्यावर स्वतःचे संग्रहालयच काढले. त्या दुकानाचे मालक त्सुत्सुमी सेइजी हे स्वतः कवी होते आणि टोपणनावाने लिहीत. १९७९ साली शिंजुकू भागातील इसेतान दुकानानेही तसेच केले. यात व्यापाऱ्याचे गणितही होते. वरच्या मजल्यावर काहीतरी पाहण्यासारखे ठेवले की माणसे आधी वर जातात, आणि उतरताना दर मजल्यावर थांबत थांबत, खरेदी करीत खाली येतात. पावसाचे पाणी कौलावरून पागोळ्यांनी खाली उतरावे तसे. रात्री जेवताना जावईबापू म्हणाले, "आई, हा सगळा व्यापाऱ्याचा कावा आहे."

कावा असेल. पण त्या काव्यात मला माझ्यासारख्या बायकांची एक मोठी सोय दिसली, आणि आज मला सांगायचे आहे ते हेच.

घरातून निघताना बाई "बाजाराला चालले" म्हणाली की तिला कोणी काही विचारीत नाही. सासू विचारीत नाही, नवरा विचारीत नाही, मुले फार तर "खाऊ आण" म्हणतात. पण "मी चित्रे पाहायला चालले" म्हणून पाहा! कोणती चित्रे, कोणाबरोबर, किती वेळ, आणि आज काय विशेष, असे चार प्रश्न उंबऱ्यावरच उभे राहतात. दुसऱ्यांनी विचारले नाहीत तरी आपले मनच विचारते. मुंबईला आपण वर्षातून दहा वेळा जातो. लग्नाचा बस्ता असतो, दवाखाना असतो, भेटीगाठी असतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पांढरा घुमट बसमधून दिसतो. जवळच १९५२ सालापासून जहांगीर कलादालन आहे, तिथे तर तिकीटही लागत नाही. आपल्यापैकी किती जणी आत गेल्या आहेत, हात वर करा म्हटले तर सभागृहात किती हात दिसतील? मी स्वतः तेथवर जाऊन कधी पायरी चढले नव्हते. कोणी अडवले नव्हते. पण ती जागा शिकलेल्यांची, आपण सातवी पास बाईने तिथे काय करायचे, अशी भिंत मनात होती.

योकोहामात ती भिंत मला लागलीच नाही, कारण मी दुकानात शिरले होते आणि दुकानात शिरायला बाईला भीती वाटत नाही. त्या वास्तूत बाबागाडीला लिफ्ट होती. बाळाला पाजायला आडोशाची खोली होती, दुपटे बदलायला फळी होती, हात धुवायला पाणी होते, टेकायला बाक होते. भगिनींनो, बाईला घराबाहेर काय पाहता येते हे पुष्कळदा या गोष्टींवर ठरते. ज्ञानाची आवड तिला नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी मोरी कुठे आहे ते दाखवावे! त्या दालनात माझ्यासारख्याच बायका पुष्कळ होत्या. एका आजीबाईंच्या हातात कोबी आणि कांद्याची पात डोकावणारी पिशवी होती. त्या पिशवीसकट त्या पावसाच्या चित्रापुढे कितीतरी वेळ उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी मी उभी राहिले. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. पण त्यांनी चित्रातल्या पळणाऱ्या माणसाकडे बोट दाखवले आणि दोघी हसलो.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी त्या दुकानांची जाहिरातच केली असे होईल. जे दुकानाच्या आधाराने उभे राहते ते दुकानाबरोबर डगमगते. जपानात १९९० नंतर मंदी आली. सेइबूचे ते नावाजलेले संग्रहालय १९९९ साली बंद झाले. इसेतानचे २००२ साली बंद झाले. खुद्द सोगो कंपनी २००० साली कर्जाखाली कोसळली. योकोहामाचे दुकान आणि त्यातले संग्रहालय मात्र तगून राहिले. पुढे सोगो आणि सेइबू एकाच कंपनीची झाली, आणि ती कंपनी सप्टेंबर २०२३ मध्ये एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीच्या हाती गेली. त्याच्या आदल्या दिवशी इकेबुकुरोच्या दुकानातील नोकरवर्गाने संप करून दुकान बंद ठेवले होते. इतक्या वादळांतून एक दालन उभे राहिले आणि मला ते पाहता आले, हे माझे भाग्य. पण अशी सोय भाग्यावर सोडू नये, हा धडा त्यातून घ्यायचा.

म्हणून आज मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. आपले वस्तुभांडार गावात सर्वांना ठाऊक आहे. भाजणी, मेतकूट, पापड, कुरडया घ्यायला रोज बायका येतात, पुरुषही येतात. काउंटरच्या मागची भिंत रिकाम्या खोक्यांनी भरलेली आहे. ती भिंत आपण मोकळी करू या. तिच्यावर आपल्याच सभासदांच्या घरातले हातकाम लावू या. कशिद्याचे रुमाल, मण्यांची तोरणे, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, रुखवताच्या वस्तू. शेजारी चिठ्ठी असावी: कोणी केले, कोणत्या साली, कशासाठी. आणि ठळक लिहावे की, विक्रीसाठी नाही.

हे मी उगाच सुचवत नाही. गेल्या दिवाळीच्या आधी आपल्यातल्या एक वृद्ध सभासद वारल्या. त्यांच्या हातचे भरतकाम या सभागृहातल्या निम्म्या जणींनी पाहिले आहे. घर आवरताना ते सारे जुन्या लुगड्यांबरोबर बोहारणीला गेले. बदल्यात एक स्टीलचे पातेले आले. यात सुनेचा दोष मी धरीत नाही. दोन खोल्यांत चार माणसे, ती ठेवणार तरी कुठे? पण आपल्याजवळ एक भिंत असती तर पन्नास वर्षांचे काम पातेल्याच्या मोलाने गेले नसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, समया आणि स्वयंपाकघरातली भांडी काचेआड ठेवली आहेत. दिनकर केळकरांनी ती आयुष्यभर गोळा केली, पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली, आणि १९७५ साली तो ठेवा सरकारच्या स्वाधीन केला. आपल्या आजीच्या हातातली वस्तू संग्रहालयात शोभते, हे त्यांनी दाखवून दिले आहे. आपण त्या मानाने एक भिंत तरी सांभाळू शकू.

मात्र दोन अटी घालाव्यात. पहिली, ही भिंत मंडळाच्या ठरावात लिहून ठेवावी, म्हणजे पुढे भांडाराची विक्री कमी झाली की "आधी भिंतीवर फळ्या ठोका" असे कोणाला म्हणता येणार नाही. दुसरी, दर तीन महिन्यांनी मांडणी बदलावी, म्हणजे रंगही टिकतील आणि "आता नवे काय लावले" म्हणून माणसेही डोकावतील. मेतकूट घ्यायला आलेली बाई घटकाभर भिंतीपुढे उभी राहिली, तर तिच्या घरी कोणी जाब विचारणार नाही. आणि अशी दहा वेळा उभी राहिली की अकराव्या वेळी ती घरून निघतानाच सांगेल, "आज मी चित्रे पाहायला चालले आहे." त्या दिवशी तिला मेतकुटाचे निमित्त लागणार नाही.

खजिनदारबाई खर्चाचे विचारतील, म्हणून सांगते. खोकी उचलायला आपले हात आहेत, भिंतीला चुना लागेल, खिळे लागतील आणि चिठ्ठ्यांना पुठ्ठा लागेल. चुना आणि खिळे माझ्याकडून. पहिल्या मांडणीसाठी माझ्या सासूबाईंची गोधडीही देते. तिच्यात त्यांच्या लग्नातल्या शालूचा तुकडा आहे.

 सूचनेचा विचार कार्यकारिणीने येत्या बैठकीत करावा, एवढी विनंती करून माझे चार शब्द पुरे करते.